तोंडाचं वाद्य

आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माणसांपेक्षा कोट जास्त राहायचे. लाल रंगाचे, खांद्यावर सोनेरी झालर लावलेले, लग्नसराईत घामाने भिजून परत आलेले बँडचे कोट. अम्मी ते दोरीवर वाळत घालायची आणि आम्ही भावंडं त्या कोटांच्या बाह्यांमधून वाट काढत ये-जा करायचो. नांदेडात इतवाऱ्याजवळच्या गल्लीत आमचं घर होतं आणि अब्बा बँडमास्तर होते. आजूबाजूच्या घरांतून सकाळी स्टोव्हचा आवाज यायचा, आमच्या घरातून ट्रंपेटचा. दुपारी बँडची माणसं जमली की सगळी वाद्यं एकदमच बोलायला लागायची. तेव्हा अम्मीला काही सांगायचं झालं तर तिच्या खांद्याला हात लावून, तोंडासमोर जाऊन सांगावं लागे. पितळी वाद्यं चिंच आणि राखेने घासायचं काम बायकांकडे होतं. अम्मीच्या बोटांना चिंचेचा वास कायम असायचा आणि त्याच बोटांनी ती खट्टी दाल करायची. वाद्यं चमकली की अब्बा ती उन्हात धरून बघायचे, आणि शाबासकी मात्र वाजवणाऱ्यांना द्यायचे.

आमच्याशिवाय शहरातली एक वरात हलत नसे. तरीही लग्नाच्या मांडवात बँडवाल्यांना पंगतीत बसवत नसत, मागच्या बाजूला उभ्या उभ्या जेवायला देत. उरलेला बगारा खाना, म्हणजे फोडणीचा भात, आणि दालचा डब्यातून घरी यायचा आणि तो दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागायचा. अब्बांना या मागच्या दाराचा फार राग होता. जेवताना ते म्हणायचे की लोकांना सूर हवा असतो, सूर काढणारा माणूस नको असतो. मी ते वाक्य लहानपणापासून ऐकत आले. त्या वाक्यातला माणूस म्हणजे फक्त पुरुष, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. घरात आम्ही दखनी बोलायचो. ते बोलणं मी इथे मराठीतच लिहिते आहे, कारण माझी शाळा मराठी आणि माझं रागावणंही आता मराठीतच होतं.

माझा भाऊ सलीम माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. बँडचा वारसा त्याच्याकडे जाणार हे तो पाळण्यात असतानाच ठरलं होतं. अब्बा त्याला क्लॅरोनेट शिकवायचे. बँडमध्ये सगळ्यांत पुढे क्लॅरोनेटवाला चालतो, गाण्याची चाल तोच धरतो, बाकीचे त्याच्या मागून जातात. सलीमला त्यात काडीचा रस नव्हता. त्याचा जीव मोटारींच्या वाइंडिंगमध्ये होता. वाजवताना तो मध्येच दारावरून जाणाऱ्या गाडीचा आवाज ऐकत थांबायचा आणि अब्बांची चप्पल सुटायची. एकदा असंच चिडून त्यांनी क्लॅरोनेट त्याच्या हातातून घेतलं आणि कोट घडी करत बसलेल्या माझ्या हातात दिलं. म्हणाले, हिला जमेल एखाद वेळेस, तुला जमणार नाही. मी फुंकलं. पहिल्यांदा नुसती हवा गेली, मग बदकासारखा आवाज आला, आणि मग एक सूर लागला. तो सूर छातीतून निघून दातांत थरथरला, ते मला अजून आठवतं. वेताची ती पातळ पत्ती ओठाखाली थरथरली की अख्खं डोकं वाजतंय असं वाटायचं.

त्यानंतर अब्बा मला रोज शिकवू लागले. माझ्यासारखं सुखी कोणी नव्हतं. त्या शिकवण्यामागे काय होतं ते हळूहळू उलगडलं. मी एखादी जागा नीट घेतली की अब्बा माझ्याकडे बघायचेच नाहीत, सलीमकडे वळायचे. "बघ. पोरगी वाजवते." एवढंच म्हणायचे. मी शिकत होते ती त्याला लाजवण्यासाठी. जशी मास्तरांची छडी, तशी मी. पुढे सलीमने एके दिवशी स्पष्ट सांगितलं की तो वाइंडिंगच्या दुकानात काम करणार, आणि तो गेला. त्या दिवसापासून माझी शिकवणी बंद झाली, कारण आता लाजवायला कोणी उरलं नव्हतं. सलीमचा मला राग नाही आला. त्याला निदान नको म्हणण्याची मुभा होती. मला हो म्हणण्याची नव्हती.

मला वाटत होतं, अब्बा आता मलाच पुढे उभं करतील. वाजवता येणारं घरात दुसरं होतं कोण? त्याऐवजी त्यांनी धर्माबादचा एक क्लॅरोनेटवाला आणून ठेवला. माणूस वाईट नव्हता, पण नवी गाणी त्याच्या कानात चटकन बसत नसत. लोकांना तर वरातीत रेडिओवर कालपरवा आलेलं गाणं हवं असायचं. मग असं चालू झालं की गाणं मी रेडिओवर ऐकायचं, आतल्या खोलीत बसून बसवायचं, अब्बांना वाजवून दाखवायचं, आणि अब्बांनी बाहेर जाऊन ते धर्माबादवाल्याला शिकवायचं. रस्त्यावर ते गाणं वाजलं की लोक त्याला 'उस्ताद' म्हणायचे. मी खिडकीच्या फटीतून बघायचे. मी घेतलेली जागा, माझं थांबणं, दुसऱ्या कडव्याआधी मी जोडलेला छोटा तुकडा, सगळं लाल कोट घालून माझ्यासमोरून चालत जायचं.

मी एकदा अम्मीजवळ हा विषय काढला तेव्हा शेजारची एक खाला, मावशी म्हणा, बसलेली होती. तिने लगेच समजूत घातली, की पोरींनी ढोलकी वाजवावी, गाणी म्हणावीत, त्यात हरकत नाही. पण तोंडाचं वाद्य पोरीच्या जातीला शोभत नाही. मी विचारलं, का शोभत नाही? खाला नुसती हसली. अम्मीने मान खाली घातली. मला वाटलं, फुंकल्याने गाल फुगतात, चेहरा वाईट दिसतो, म्हणून असेल. त्या हसण्याचा अर्थ मला पुढे लातूरच्या रंगमंचावर हजारभर माणसांसमोर समजावण्यात आला. आता या वयात मागे वळून बघते तेव्हा वाटतं, किती घाण विचार किती घरंदाज शब्दांत गुंडाळून आपल्या हातात देतात. आणि देणारी बहुतेक वेळा आपलीच माणसं असतात.

लातूरच्या एका ऑर्केस्ट्राचे मालक अशोकभाऊ आमच्याकडे ट्रंपेटवाले मागायला यायचे. एकदा ते पुढच्या खोलीत चहा पीत बसले होते आणि मी आत वाजवत होते. त्यांनी विचारलं, हे कोण वाजवायलंय? अब्बांना खोटं बोलता आलं नाही. अशोकभाऊ दोन-तीन दिवसांनी पुन्हा आले आणि म्हणाले, मुलीला आमच्याकडे पाठवा, मराठवाड्यात असा ऑर्केस्ट्रा दुसरा नसेल. अब्बांनी साफ नकार दिला. त्यांचं म्हणणं, लोक आधीच बँडवाल्यांना खालचं समजतात, त्यात मुलगी स्टेजवर उभी केली तर मोहल्ल्यात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. बोलली ती अम्मी. तिचा आवाज अब्बांपुढे कधी चढलेला मी ऐकला नव्हता, आणि त्या दिवशीही चढला नाही. ती भाकरी थापता थापताच बोलली.

"आत बसून वाजवलं तर हुनर, बाहेर वाजवलं तर बेइज्जती. हे कुठलं माप आहे, मला एकदा समजावून सांगा."

अम्मीने माहेरी ढोलक वाजवून गाणी म्हटलेली, आणि ती इतकी सुरेख म्हणायची की लग्नघरच्या बायका तिला उठू देत नसत. पण तो आवाज कुठल्याही पुरुषाने समोर बसून ऐकलेला नव्हता, खुद्द अब्बांनी सुद्धा भिंतीपलीकडूनच ऐकलेला. तिने माझ्यासाठी जे मागितलं ते तिने स्वतःसाठी कधी मागितलं नसणार. शेवटी असं ठरलं की कार्यक्रमाला सलीम माझ्याबरोबर जाईल. सलीमने दुकानातून सुट्ट्या काढल्या, एकदाही कुरकुर केली नाही.

लातूरला मला सुनंदा भेटली. ती जळकोटकडची, शेतकऱ्याच्या घरची, माझ्याच वयाची. ऑर्केस्ट्रात नायिकांची सगळी गाणी ती एकटी म्हणायची. दोन भिन्न जातींचे आवाज ती एका पाठोपाठ एक असे काढायची की वाटावं दोन बायका गातात. पोस्टरवर गाणाऱ्या पुरुषांची नावं असायची आणि मधोमध सुनंदाचा फोटो. फोटोखाली नाव नाही. मी तिला विचारलं तर म्हणाली, "मालक म्हनतेत, फोटो हाय की, नाव कशाला." कपडे बदलायला आम्हाला जागा नसायची. टेम्पोच्या मागे चादर धरून एकीने उभं राहायचं आणि दुसरीने बदलायचं. साड्या अशोकभाऊ निवडायचे, टिकल्यांच्या, अंगाला टोचणाऱ्या. वादक मागे अंधारात बसायचे. आम्हा दोघींच्या खुर्च्या मात्र पुढे, दिव्याखाली. गाणं नसेल तेव्हाही तिथेच बसायचं आणि चेहरा हसरा ठेवायचा. सुनंदा त्या खुर्चीला 'दुकानाची काच' म्हणायची.

आणि माझं क्लॅरोनेट! मला आतल्या खोलीत बसून बसवलेल्या कठीण कठीण चाली येत होत्या. अशोकभाऊंना माझ्याकडून एकच गोष्ट हवी होती, नागाची धून. ती वाजवताना डुलायचं, गुडघ्यात वाकायचं, पुढच्या रांगेकडे बघायचं. मी ताठ उभी राहून वाजवलं की ते विंगेतून हाताने डुलून दाखवायचे. धून सुरू व्हायच्या आधी निवेदक माईक हातात घेऊन सांगायचा, की बायामाणसांनी तोंडाला काय काय लावलेलं तुम्ही बघितलं असेल, आता ही नांदेडची पोरगी काय लावते ते बघा. मग शिट्ट्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला शेजारची खाला आणि तिचं हसणं आठवलं, आणि ते हसणं कशाचं होतं ते समजलं. माझ्या हातातली लाकडी नळी, जिच्यात मी माझ्या वडिलांची सगळी विद्या भरली होती, ती या लोकांच्या लेखी एक घाणेरडा विनोद होती. मी अशोकभाऊंकडे तक्रार केली. ते म्हणाले, गंमत असते, प्रत्येक कार्यक्रमात असते, मनावर घ्यायचं न्हाई. मी विचारलं, मागे बासरी वाजवणारे आहेत, त्यांच्यावर का गंमत करत नाही? त्यावर ते हसले. या प्रश्नावर सगळेच हसतात, आजसुद्धा.

अलीकडे एका कॉलेजात मला बोलावलं होतं. तिथल्या एका मुलीने मोठ्या आदराने विचारलं, मॅडम, तो काळ फारच मागासलेला होता ना? मी तिला विचारलं, तू काय करतेस? म्हणाली, की-बोर्ड वाजवते, गाण्यांचं अरेंजिंगही करते. आणि स्टुडिओत काय होतं? ती म्हणाली, की तिथे सगळे तिला आधी विचारतात, गाणारी कुठली तू, आणि काम झाल्यावर नाव तिच्याबरोबर आलेल्या मित्राचं पडतं. मग मी तिला काळाविषयी काही सांगितलं नाही.

आता त्या दिवसाविषयी. लातूरजवळच्या एका बड्या पुढाऱ्याचा वाढदिवस होता. मोकळ्या मैदानात मांडव, दिवस मावळायच्या सुमारास कार्यक्रम सुरू झाला. पुढे सोफे टाकले होते आणि मधल्या सोफ्यावर ते गृहस्थ, गळ्यात हारांची चळत. डाव्या हाताला सतरंजीवर बायका, त्याही बांबू बांधून वेगळ्या केलेल्या. तीन-चार गाणी झाली. मग त्या पुढाऱ्यांचा एक माणूस स्टेजपाशी आला आणि निवेदकाच्या कानात काही बोलला. निवेदकाने ते माईकवरच सांगून टाकलं, की साहेबांची इच्छा आहे, बाईंनी खाली यावं आणि साहेबांच्या शेजारी सोफ्यावर बसून पुढचं गाणं म्हणावं. टाळ्या वाजल्या. अशोकभाऊंनी विंगेतून हाताने खूण केली, जा. मी सुनंदाकडे पाहिलं. तिच्या मानेवरची शीर दिसत होती. तिने माईक हातात घेतला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली,

"मी हितूनच गाते. साहेबांना ऐकू येईल."

मागच्या बाजूला कोणीतरी हसलं. अशोकभाऊ तिच्याजवळ आले, दात दाबून काहीतरी बोलले. तिने मान हलवली आणि ढोलकीवाल्याला खूण करून गाणं सुरू केलं. पहिली ओळ पुरी व्हायच्या आत तिचा आवाज गेला. म्हणजे तिचा गेला नव्हता, माईकचा गेला. आम्हाला वाटलं वायर निघाली. वळून पाहिलं तर अशोकभाऊ मिक्सरपाशी उभे होते, हाताची घडी घालून, आणि साउंडवाला खाली बघत होता. ढोलकी थांबली. की-बोर्ड थांबला. ज्या वादकांबरोबर आम्ही एका ताटात जेवलो होतो ते सगळे मालकाच्या तोंडाकडे बघत राहिले. सुनंदा थांबली नाही. उघड्या मैदानात तिचा नुसता आवाज कसाबसा पहिल्या सोफ्यापर्यंत जात होता. शिट्ट्या सुरू झाल्या. कोणीतरी ओरडलं, खाली ये.

मी त्या काचेतल्या खुर्चीवरून उठले. उठताना काही ठरवलं होतं असं मला आठवत नाही, कानशिलं तापली होती एवढं आठवतं. क्लॅरोनेट हे वरातीचं वाद्य. ट्रकचे हॉर्न, फटाके, दोनशे माणसांचा गोंगाट, यांच्या वर निघावं म्हणून ते बँडमध्ये पुढे असतं. त्याला माईक कधीच लागलेला नाही. मी सुनंदाच्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि तिची ओळ संपताच ती उचलली. तिने एक ओळ गायची, ती पहिल्या रांगेपर्यंत पोचायची; तीच ओळ मी वाजवून मैदानाच्या कडेपर्यंत न्यायची. असं करत आम्ही निघालो. मी डुलले नाही. अब्बा रस्त्यात उभे राहतात तशी पाय रोवून उभी राहिले. अशोकभाऊंची दोन माणसं आम्हाला खाली उतरवायला पायऱ्यांकडे आली तेव्हा पायऱ्यांवर सलीम उभा होता. तो भांडला नाही, फक्त वाटेतून हलला नाही. दुसऱ्या कडव्याला शिट्ट्या विरळ झाल्या. सतरंजीवरच्या बायका बांबूपर्यंत पुढे सरकून बसल्या, ऐकू यावं म्हणून, आणि त्यांतल्या एका म्हातारीने मागे वळून पोरांना दटावलं. मधल्या सोफ्यावरचे गृहस्थ केव्हाच उठून गेले होते. आम्ही गाणं पूर्ण केलं, शेवटच्या सुरापर्यंत, आणि खाली उतरलो.

मांडवामागे अशोकभाऊ आले. शिवी दिली नाही, शांतपणे बोलले, आणि ते मला शिवीपेक्षा जास्त लागलं. "तुमाला काय वाटलं, लोकं तुमचं गानं-वाजवनं ऐकाया येतेत? लोकं तुमाला बघाया येतेत. तेवढं कळत नसंल तर घरी बसा."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. संताप त्याचाच होता. सुनंदाचे ते दोन दोन आवाज, माझ्या त्या चाली, सगळं या माणसाने विकलं होतं ते बघण्याची गोष्ट म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एसटीने नांदेडला आलो आणि सुनंदा जळकोटला गेली. आमच्या आधी बातमी पोचली होती, पण वेगळीच. नांदेडात सांगितलं जात होतं की मुलीने स्टेजवर धिंगाणा घातला. जळकोटात तर असं सांगितलं गेलं की सुनंदा पुढाऱ्याच्या शेजारी जाऊन बसली म्हणून तिला काढून टाकलं. जे तिने नाकारलं तेच तिच्या नावावर लावलं. तिच्या भावाने तिचं गाणं बंद केलं. सलीमने अब्बांना घडलं ते सगळं सांगितलं. अब्बा ऐकत राहिले आणि क्लॅरोनेटच्या पत्त्या तासत राहिले.

काही दिवसांनी अशोकभाऊ आले. पुढच्या खोलीत कोटांखाली बसून त्यांनी सांगितलं, की पुढारी फार नाराज आहेत, मुलीने त्यांच्या बंगल्यावर येऊन माफी मागावी, नाहीतर लातूरकडे मास्तरांच्या बँडला कोणी बोलावणार नाही. मी दाराआड उभी होते. अब्बांनी क्लॅरोनेट पुसत पुसत विचारलं, तिने बेसूर वाजवलं का? अशोकभाऊ म्हणाले, तसं न्हाई. ताल सुटला का? न्हाई. गाणं अर्धं टाकलं का?

"न्हाई मास्तर, प्रश्न त्येचा न्हाई."

"माझ्याकडे माफी त्याचीच मागतात," अब्बा म्हणाले. "दुसऱ्या कशाची पद्धत या घरात नाही."

अशोकभाऊ चहा न पिता गेले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी लगेच पुढे जाऊन म्हणाले, मग मला बँडमध्ये घ्या. अब्बांचा हात थांबला. ते म्हणाले, "लोक काय काय बोलतात ते तुला माहीत नाही."

"माहीत आहे," मी म्हणाले. "माईकवर ऐकलंय."

त्या सीझनला धर्माबादचा माणूसच पुढे चालला. आमच्या नात्यातले लोक आजही ती गोष्ट सांगतात, मास्तरांनी मुलीची कशी बाजू घेतली म्हणून. घेतली, हे खरं. परक्या माणसासमोर घेतली. आपल्या रस्त्यावर घेतली नाही. मी अब्बांवर जिवापाड प्रेम केलं आणि या एका गोष्टीसाठी त्यांना माफ केलं नाही, दोन्ही एकदम करता येतं.

मी सलीमला घेऊन जळकोटला गेले. सुनंदाच्या भावाने अंगणातच सांगितलं की ती आता गात नाही. सुनंदा पिठाचे हात घेऊन बाहेर आली. मी तिला म्हटलं, आपण आपलं स्वतःचं काढू, सगळ्या बायकाच. भाऊ मध्ये बोलत होता, तिने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. तिने मला एकच गोष्ट विचारली.

"माईकचं बटन कोनाच्या हातात ऱ्हाईल?"

"आपल्या."

ती आत गेली. भाऊ मला निघा म्हणाला, मी निघाले नाही. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पिशवी होती.

बटण आपल्या हातात ठेवायचं म्हणजे मिक्सर शिकायला हवा. तो आम्हाला कोणी शिकवेना. सलीमने कुठून कुठून मोडकी यंत्रं आणून उघडून दाखवली आणि सुनंदाच ते शिकली, गात गात. ढोलकीला, की-बोर्डला बायका मिळायला वेळ लागला. लोह्याला आमचा पहिला कार्यक्रम झाला, एका बारशाला, आणि तिथेही एकाने विचारलं की वाजवणारे कधी येणार. पुढे आम्ही बरीच वर्षं फिरलो. पोस्टरवर सगळ्यांची नावं घातली आणि फोटो एकीचाही घातला नाही. खुर्च्या पुढे मांडल्या नाहीत. नागाची धून कितीही मागणी आली तरी वाजवली नाही. बोलावणी कमी यायची, टिंगल भरपूर व्हायची. अम्मी एकदा बुरखा घालून मागच्या रांगेत येऊन बसली होती, मला घरी आल्यावर कळलं. अब्बा कधीच आले नाहीत.

अब्बा गेले तेव्हा पुढची खोली माणसांनी भरली. बँडचे जुने लोक, इतर बँडचे मास्तर, मोहल्ल्यातले बुजुर्ग. आम्ही बायका आत, पडद्यामागे. बाहेरचं बोलणं ऐकू येत होतं. एक वयस्क मास्तर, ज्यांनी मला लहानपणापासून वाजवताना ऐकलं होतं, ज्यांच्या गावात मी तीनदा कार्यक्रम केला होता, ते हळहळून म्हणाले की एवढी मोठी विद्या, पण मास्तरांच्या मागे घरात कोणी वाजवणारं राहिलं नाही. बाकीच्यांनी सुस्कारे टाकले. आत बसलेल्या बायकांपैकी कोणी माझ्याकडे बघितलं नाही. अम्मीने बघितलं.

मी उठले, पडदा बाजूला केला आणि चौकटीत उभी राहिले.

"राहिलंय," मी म्हणाले. "मी आहे. आत बसवलं होतं म्हणून दिसले नसेन."

मग त्या सगळ्यांनी, एकेकाने, माझ्यावरून नजर काढून सलीमकडे पाहिलं. सलीमने मान हलवली, तेव्हा कुठे त्यांना ते खरं वाटलं.